सदतिसावा फोटो

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. "एवढंसं?" असं तुमच्या मनात आलं असेल तर येऊ द्या, मला सवय आहे. उंचीला तुमच्या अंगठ्याएवढा, तोंड बाटलीच्या झाकणाएवढं, अंगावर काळा पत्रा आणि खाली पारदर्शक कड. त्या कडेचा एक टवका उडालेला आहे. तो कसा उडाला ते ओघात येईलच. उन्हात धरून कागद जाळतात ते भिंग मात्र मी नव्हे. ती आमची उनाड भावंडं. मी फोटो निवडायचं भिंग आहे.

आत्मवृत्त म्हटलं की लोक आपली बढाई मारतात. मीही थोडी मारणार आहे, कारण माझ्यात गर्व ठासून भरलेला होता आणि तो कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. पण आज मी मुख्यतः एक चूक कबूल करायला बसलो आहे. ती चूक माझ्या मालकांनी केली, पण केली ती माझ्यातून बघून.

माझा जन्म काचा घासायच्या एका कारखान्यात झाला. तिथं एक कामगार बाई होती. ती मला ओल्या भुकटीवर गोल गोल घासायची, मग खिडकीकडे धरायची, नाक मुरडायची आणि पुन्हा घासायला घ्यायची. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला घाव बसले नाहीत, पण घासून घासून जीव नकोसा झाला. शेवटी एके दिवशी तिनं मला स्वतःच्या अंगठ्यावर ठेवलं, त्यातली एकेक रेघ मोजली आणि म्हणाली, "आता ठीक." एवढंच. त्या दोन शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं ताठ मानेनं काढली.

मला विकत घेतलं ते एका फोटोग्राफरनं. तेच माझे मालक. त्यांचा स्टुडिओ म्हणजे एका रस्त्यावरचं अरुंद दुकान. पुढं काउंटर, मध्ये पाहुण्यांना बसवायची खुर्ची आणि तिच्यामागं ढग रंगवलेला पडदा, अगदी आत फोटो धुवायची डार्करूम. काउंटरच्या बाजूला एक लाकडी पेटी होती, वर दुधी काच आणि आत दिवा. ती माझी बसायची जागा.

तुम्ही मोबाइलवर फोटो काढता आणि लगेच बघता. तेव्हा तसं नव्हतं. कॅमेऱ्यात फिल्मचा रोल असायचा. एका रोलवर छत्तीस फोटो. नीट रोल भरणाऱ्याला कधी कधी शेवटी एक जास्तीचाही मिळायचा, सदतिसावा. रोल धुतला की निगेटिव्ह तयार व्हायच्या, आणि त्या सगळ्या एकाच कागदावर छापल्या की प्रत्येक फोटो पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडासा मोठा दिसायचा. त्या कागदाला 'कॉन्टॅक्ट' म्हणत. मग मालक मला एकेका फोटोवर ठेवायचे, माझ्यावर डोळा टेकवायचे आणि निकाल द्यायचे. चांगला असेल तर मेणाच्या लाल पेन्सिलीनं चौकट. नसेल तर लाल फुली.

आणि फुली मारताना ते एक शब्द हमखास बोलायचे, "हललंय!"

नवरदेवाचा हात हललाय, करवलीची मान हललीय, आजोबा अख्खेच हललेत. गावात त्यांना सगळे 'हललंय-काका' म्हणत. ते रस्त्यानं निघाले की पोरं एका जागी पुतळ्यासारखी उभी राहायची आणि ते पुढं गेले की खो खो हसायची. मालकांना राग यायचा नाही. "हसा लेको," म्हणायचे, "पण न हलता हसा."

मालकांना एकच मुलगी, छबी. सात वर्षांची असताना ती स्टुलावर चढून माझ्यातून बघायला शिकली. मालकांनी तिला पहिला धडा दिला तो मला शब्द न् शब्द आठवतो. "माणूस पुसट दिसलं की लगेच हललंय म्हणायचं नाही. आधी मागचं बघायचं. मागची भिंत, दार, झाड, काय असेल ते. मागचंही पुसट असेल तर फोटो काढणाऱ्याचा हात हलला. मागचं लख्ख असेल आणि माणूसच पुसट असेल तर माणूस हललं. चूक कुणाची ते मागचं सांगतं." छबीनं मान डोलावली आणि दिवसभर सगळ्यांच्या मागची भिंत बघत हिंडली. जेवताना आईला म्हणाली, "आई, तू हलतेस, भिंत नाही हलत."

हा धडा लक्षात ठेवा, मित्रांनो. शिकवणारा तो विसरला, आणि सगळं रामायण त्यातूनच घडलं.

मालकांचं काम चोख होतं. पंचक्रोशीत लग्न असलं की आधी हॉल ठरायचा आणि मग हललंय-काका. पण त्यांच्या मनात एक सल होता. फोटोग्राफरांच्या संघाची दरवर्षी स्पर्धा व्हायची. तिच्यात लग्नाच्या फोटोंचा वेगळा विभाग असे. एकाच लग्नातले सहा फोटो द्यायचे, पुढच्या बाजूला नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक. तीन परीक्षक सगळ्यांसमोर एकेक संच बघून बोलत आणि मग निकाल देत. मालकांनी ओळीनं बारा वर्षं फोटो दिले आणि बारा वर्षं एकच गोष्ट घरी आणली, सहभागाचं प्रमाणपत्र. बारा प्रमाणपत्रांची सुरळी रबर लावून कपाटावर पडलेली असायची. संघाचे चिटणीस दरवेळी पाठीवर हात ठेवून म्हणत, "तुमचे फोटो स्वच्छ असतात हो." स्वच्छ! जणू मालक फोटो काढत नव्हते, धुणं धूत होते.

मग छबीचं लग्न ठरलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि बापाच्या डोळ्यांत स्पर्धा आली. वाईट वाटतं सांगायला, पण तसंच झालं. ते मालकीणबाईंना म्हणाले, "दुसऱ्यांच्या लग्नात मी परका. नवरीच्या खोलीत डोकावता येत नाही, रडणाऱ्या आईच्या जवळ जाता येत नाही. इथं मला कोण अडवणार? या वर्षी नंबर माझा."

"अहो, मुलीचं लग्न आहे," बाई म्हणाल्या. "दुसरा कुणी फोटोवाला बोलवू. तुम्ही बापासारखे उभे राहा की."

"दुसरा? आणि त्यानं सगळं हलवून ठेवलं तर?"

लग्नाच्या दिवशी त्यांनी मला शर्टाच्या खिशात घेतलं, शकुन म्हणून. त्यामुळं मी दिवसभर त्यांच्या छातीशी होतो. बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. "थांबा, थांबा. मान वर. हलू नका." सकाळपासून दुपारपर्यंत दुसरं वाक्य नाही. दहा रोल झाले आणि अकरावा संपत आला. मुलगी निघायची वेळ झाली. हॉलच्या मागच्या दारापाशी, बोळकांडीत, ती थांबली आणि म्हणाली, "बाबा, सकाळपासून मला तुमचा एकच डोळा दिसतोय. दुसरा कॅमेऱ्यामागं. आता पुरे. इकडं या. आपल्या दोघांचा एक फोटो."

"रोल संपला गं."

"बघा ना. एखादा उरला असेल."

मालकांनी कॅमेऱ्याची कळ फिरवून बघितली. ती अडली नाही. छत्तीस झाले होते आणि सदतिसावा शिल्लक होता. त्यांनी कॅमेरा बाईंच्या हातात दिला. "इथं दाब. श्वास धरून. हलू नकोस." आणि ते लेकीकडे धावले. मी खिशात होतो, मला त्यांचं काळीज धडधडताना ऐकू येत होतं. ते तिच्याशेजारी उभे राहिले. आणि मग सवयीप्रमाणं वळले आणि हात उंचावून बाईंना म्हणाले, "अगं, श्वास—"

त्याच क्षणी खटका वाजला.

छबी गाडीत बसताना म्हणाली, "बाबा, मला अल्बम सावकाश द्या. पण तो आपल्या दोघांचा आधी पाठवा. विसरायचं नाही हं."

"हो गं, हो," मालक म्हणाले.

पुढचे दोन रविवार दुकान बंद ठेवून निवड चालली. अकरा कॉन्टॅक्ट, चारशेच्या आसपास फोटो आणि त्यातून सहा काढायचे. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला चष्मा लावून बाई, आणि मध्ये मी. त्या दोन रविवारी माझा गर्व गगनाला भिडला होता. वाटायचं, लग्न त्यांनी लावलं असेल, पण ते कसं दिसणार हे मी ठरवतोय.

बाई एखाद्या फोटोवर बोट ठेवायच्या. "हा घ्या ना. यात तिचं हसू खरं आहे."

"हसू खरं असेल. फोकस कानावर आहे."

"मग कान दाखवू परीक्षकांना."

"तुला चेष्टा सुचतेय."

असं करत पाच फोटोंना दुहेरी चौकट मिळाली. नवरी आरशासमोर, तिच्या डोळ्यातला पाण्याचा थेंबही मोजता येईल असा. आई तिच्या केसांत फूल खोवताना. मैत्रिणींचा घोळका. नवरा घाम टिपताना. दोघांचे एकमेकांत गुंतलेले हात. एकेक फोटो म्हणजे लखलखीत सुरी. मालक सहावा शोधत शोधत अकराव्या कॉन्टॅक्टच्या शेवटच्या ओळीवर आले. तिथं ओळ संपवून एकटाच पडलेला तो सदतिसावा होता.

त्यांनी मला त्यावर ठेवलं. आता नीट ऐका. माझं तोंड लहान आहे. तो अख्खा फोटो माझ्यात मावत नाही. अर्धा फोटो बघून झाला की मला उरलेल्या अर्ध्यावर सरकवावं लागतं. मालकांनी मला ठेवलं ते स्वतःच्या चेहऱ्यावर. चेहरा पुसट, उंचावलेला हात तर नुसता धूर.

"हललंय," ते म्हणाले.

"बघू," बाई म्हणाल्या.

"काय बघायचंय? तुला हजारदा सांगितलं, श्वास धरून दाब. एक फोटो काढायला सांगितला, तोही हलवून ठेवलास."

बाईंचा चेहरा उतरला. "मी श्वास धरला होता हो."

"धरला असतास तर असा आला असता?"

मित्रांनो, मी तिथंच होतो. मला त्यांच्या चेहऱ्यामागं जरासं दारही दिसत होतं. मागच्या दाराला लोखंडी कडी होती आणि ती लख्ख दिसत होती, तिच्यावरचा गंजसुद्धा. हात हलला असता तर कडीही हलली असती. मालकांनी स्वतःच शिकवलेला धडा! पण त्यांनी कडी बघितलीच नाही. त्यांनी फक्त स्वतःचा वाईट दिसणारा चेहरा बघितला. आणि मला उरलेल्या अर्ध्यावर सरकवलंही नाही. तिथं छबी होती. ती कशी आली आहे हे त्या दिवशी कुणी बघितलंच नाही.

"तरी ठेवा," बाई हळूच म्हणाल्या. "छबीला द्यायचाय. तुम्ही आहात असा दुसरा एकही नाही."

"असेल एखादा. उद्या बघू." आणि त्यांनी लाल पेन्सिल दाबून फुली मारली. नेहमीपेक्षा जास्तच दाबून, कारण ते चिडले होते.

आमच्या दुकानात एक रीत होती. फुली पडलेली निगेटिव्ह कापून पत्र्याच्या डब्यात टाकायची. बाद ते बाद. फिल्मवर चांदीचा बारीक थर असतो, तो काढून घेणारा एक माणूस अधूनमधून सायकलवरून यायचा आणि डबा रिकामा करून न्यायचा. सदतिसावा फोटो पट्टीच्या टोकाला होता, कात्रीचा एक घाव पुरला. मंगळवारी चांदीवाला आला आणि डबा घेऊन गेला. 'उद्या बघू' मधला उद्या उजाडलाच नाही. सहावा फोटो म्हणून मालकांनी रिकाम्या गाडीच्या काचेवरची फुलं निवडली. फुलं हलत नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी मी पुन्हा खिशात होतो, पण या वेळी मालकांनी मला मध्येच बाहेर काढून मुठीत धरलं, म्हणून मला दिसलं. भिंतीवर संच टांगलेले होते. परीक्षकांत एक वयस्कर बाई होत्या, गळ्यात दोरीला चष्मा. त्यांच्याकडे माझ्यासारखं भिंग नव्हतं. मला हसूच आलं. त्या प्रत्येक संचासमोर जायच्या आणि मग चार पावलं मागं सरायच्या. जवळ जाण्याऐवजी लांब जाऊन बघायच्या.

आमच्या संचासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "इतकं स्वच्छ काम मी या वर्षी पाहिलं नाही." मालकांची मूठ घट्ट झाली. "पण मला एक प्रश्न पडलाय. इथं आई आहे, नवरा आहे, मैत्रिणी आहेत. आणि ही मुलगी बघा. आरशात बघतानासुद्धा तिची नजर जरा बाजूला आहे. मैत्रिणींतही तसंच. ती कुणाला तरी शोधतेय. या मुलीला वडील नाहीत का?"

मालकांच्या तळहाताला घाम सुटला आणि माझी काच धुरकट झाली.

"वडील असतील आणि फोटोग्राफरनं एकदाही टिपले नसतील," परीक्षक बाई पुढं म्हणाल्या, "तर एक फोटो राहून गेला. म्हणून माझ्याकडून दुसरा क्रमांक."

तेरा वर्षांनी मालकांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, ढाल घेतली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरताना त्या परीक्षक बाईंनी सहज विचारलं, "कुणाचं लग्न हो हे?"

"माझ्या मुलीचं."

बाईंचा हात तोंडाशी गेला. "अहो, मला माहीत नव्हतं. पण मग तुमचा तिच्याबरोबर एखादा असेलच ना?"

"आहे," मालक म्हणाले. "घरी आहे."

घरी येऊन त्यांनी ढाल काउंटरवर टाकली आणि पत्र्याचा डबा उघडला. डबा रिकामा होता, हे त्यांना माहीत होतं, तरी त्यांनी तो उलटा करून झटकला. दुसऱ्या दिवशी सकाळी चांदीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "साहेब, ते कधीच भट्टीत गेलं." परत येऊन त्यांनी अकरावा कॉन्टॅक्ट शोधून काढला. तो मात्र शाबूत होता. मला त्यावर ठेवताना त्यांनी घाई केली, मी सटकलो आणि फरशीवर आपटलो. हाच तो टवका. त्यांनी मला उचललं आणि पुन्हा ठेवलं.

या वेळी त्यांनी सगळं बघितलं. आधी कडी. कडीवर त्यांनी मला दोनदा टेकवलं. मग त्यांनी मला सावकाश सरकवलं, लाल फुलीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. तिथं छबी होती. अगदी स्पष्ट, पापणी न् पापणी मोजता येईल अशी. तिची नजर बाजूला नव्हती, कुणाला शोधत नव्हती. ती धांदल करणाऱ्या आपल्या बापाकडे बघून तोंडभर हसत होती. चारशे फोटोंत तसं हसू दुसरं नव्हतं.

मालकांनी मऊ फडकं घेतलं आणि फुली पुसली. मेणाचा रंग निघून गेला. पण पेन्सिल इतकी दाबली होती की कागदावर खाच पडली होती. कागद तिरपा धरला की ती दिसायची. त्या चिमुकल्या फोटोचा त्यांनी कॅमेऱ्यानं फोटो काढला आणि मोठा करून बघितला. फोटो मोठा झाला तशी खाचही मोठी झाली. त्यांनी तो फाडून टाकला.

तेवढ्यात छबीचा फोन आला. ती आनंदानं ओरडत होती. "बाबा, नंबर आला म्हणे! आणि माझा फोटो कुठाय?"

मालकांनी फोनची तार बोटाला गुंडाळली. "अगं, त्या शेवटच्या रोलच्या टोकाला उजेड लागला. तो एक गेला."

"गेला?" तिनं विचारलं. मग, "बरं. असू दे, बाबा."

मालकीणबाई जवळच उभ्या होत्या. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या हातून हलला असं सांगितलं नाहीत तिला. बरं वाटलं हो."

मित्रांनो, याच वेळी मालकांनी तोंड उघडायला हवं होतं. 'तुझा हात हलला नव्हता, मी हललो होतो,' एवढं एक वाक्य. ते त्यांच्या ओठांपर्यंत आलं होतं, मी बघितलं. पण ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांना हललंय म्हटलं, त्याला स्वतःबद्दल ते म्हणता येईना. ते म्हणाले, "चहा टाक."

त्यांनी तो सदतिसावा फोटो कॉन्टॅक्टमधून कापला आणि माझ्या डबीत, माझ्याखाली ठेवला. ढाल खणात गेली, वर्तमानपत्राखाली. पुढच्या वर्षी त्यांनी स्पर्धेला फोटो दिले नाहीत. बाईंनी त्यानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही. कुणी हातात दिला तर म्हणायच्या, "नको गं बाई, माझा हात हलतो." असं त्या म्हणाल्या की मालक दुकानातून उठून आत जायचे.

मग काळ बदलला. रोल गेले, डार्करूममध्ये सामान भरलं, ढगांचा पडदा उंदरांनी कुरतडला. चांदीवाला यायचा बंद झाला. माझा उपयोग औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला होऊ लागला. मला त्याचं दुःख नाही. गरज सरो, वैद्य मरो, ही जगाची रीतच आहे. पण रोज सकाळी दुकान उघडलं की मालक डबीतून आम्हा दोघांना काढायचे, मला फोटोवर ठेवायचे आणि डोळा टेकवायचे. पुष्कळदा हाक मारायचे, "अगं—"

"काय हो?"

"काही नाही."

एकोणीस वर्षं हे 'काही नाही' मी ऐकलं. मग एका हिवाळ्यात मालक गेले.

छबी दुकान आवरायला आली. तिच्या केसांत एखादा पांढरा केस दिसत होता. तिनं खणातली ढाल काढली, पुसली आणि बाजूला ठेवली. मग माझी डबी उघडली. "अय्या, माझं भिंग!" म्हणाली. मला उचललं तर खाली तो फोटो. तिनं तो खिडकीशी नेला, मला त्यावर ठेवलं आणि वाकली.

बराच वेळ ती हललीच नाही.

"आई," ती म्हणाली, "हा तर आपला. बाबांचा आणि माझा. याला तर उजेड लागला होता ना?" मग तिनं कागद तिरपा केला. "आणि ही फुली कसली?"

बाई खुर्चीवर बसल्या. "आता लपवून काय करू? उजेड नव्हता लागला. माझ्या हातून हलला तो. ह्यांनी बाद केला आणि तुला उजेडाचं सांगितलं. माझं नाव येऊ दिलं नाही. एवढं माझं झाकलं ह्यांनी."

छबी पुन्हा वाकली. या वेळी तिनं मला तिच्या चेहऱ्यावर नाही ठेवलं, बापाच्याही नाही. तिनं मला कडेला, मागच्या दारावर सरकवलं. सात वर्षांची असताना शिकलेला धडा ती विसरली नव्हती.

"आई, इकडं ये. यातून बघ. दाराला कडी दिसते?"

बाई उठल्या, चष्मा कपाळावर केला आणि वाकल्या. "दिसते की. गंजसुद्धा दिसतोय."

"मग तुझा हात कुठं हलला? बाबा हललेत. वळलेत बघ तुझ्याकडे, बडबड करत."

बाईंनी डोळा काढला नाही. त्यांच्या डोळ्यातलं पाणी माझ्या काचेवर पडलं आणि मला काही दिसेनासं झालं. "आणि मी एकोणीस वर्षं यांचे उपकार मानत राहिले," त्या म्हणाल्या. "एवढंसं सांगायला काय झालं होतं या माणसाला?"

"आपण रागावू म्हणून घाबरले असतील."

"मग तू रागावली असतीस?"

"रागावले असते ना!" छबी म्हणाली. "चार दिवस बोलले नसते. पण मग पाचव्या दिवशी आले असते आणि बाबांना समोर उभं करून दुसरा फोटो काढला असता. तेव्हा ते होते ना, आई."

बस्स. तिनं आम्हा दोघांना पुन्हा डबीत ठेवलं आणि डबी स्वतःच्या पिशवीत टाकली.

आता मी छबीच्या घरी, तिच्या टेबलावर असतो. सदतिसावा फोटो तिनं मोठा करून घेतला नाही, खाचेसकट तसाच माझ्याखाली ठेवलाय. तो बघायचा तर माझ्यावर वाकावं लागतं. तिची मुलं वाकतात, आणि "आजोबा हललेत!" म्हणून हसतात.

मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, माझा टवका बुजवला नाही तरी चालेल. माझं फक्त एवढं ऐका. तुमच्या मोबाइलमधला एखादा फोटो हललेला वाटला तर काढून टाकायच्या आधी तो कडेपर्यंत बघा. आणि ज्याला 'तुझ्यामुळं हललं' म्हणालात, त्याचा हात खरंच हलला होता का, तेही बघा. नसेल हलला, तर त्याला आजच जाऊन सांगा. चहा नंतरही टाकता येतो.